डोळ्याभोवतीचे स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि त्यानंतरचे तीन महिने

बेळगावातल्या एका नेत्ररुग्णालयात पडद्याच्या विभागात मी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिले की रुग्ण आणि त्याच्याबरोबरची माणसे बहुधा माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसतात, आणि मग खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सगळ्या भागांतून आलेल्या लोकांचा प्रश्न एकच असतो: सुई डोळ्यात घालणार का? या प्रश्नाला काही वेळा ‘हो’ आणि काही वेळा ‘नाही’ असे उत्तर द्यावे लागते. ज्या उपचारात हे उत्तर ‘नाही’ असते, त्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले सापडत नाही. म्हणून हा लेख डोळ्याच्या आत नव्हे, तर डोळ्याभोवती दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाविषयी आहे.

आधी पडद्याविषयी थोडेसे सांगणे आवश्यक आहे. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लागलेला जो पातळ थर प्रकाश टिपतो, त्याला आपण पडदा म्हणतो, आणि त्याच्या मधोमध असलेला, अक्षरे वाचण्यासाठी व चेहरे ओळखण्यासाठी लागणारा भाग म्हणजे मॅक्युला. निरोगी पडद्यातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात की रक्तातले पाणी आणि प्रथिने सहजासहजी बाहेर पडत नाहीत. वर्षानुवर्षांचा मधुमेह, उच्च रक्तदाबामुळे शिरेत झालेली गुठळी किंवा शिरांचा दाह यांपैकी काहीही झाले, तरी ही वीण सैल होते. त्यानंतर दोन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात आणि त्या एकमेकींत मिसळून चालत नाही. पहिली म्हणजे जुन्याच वाहिन्या पाझरू लागतात आणि मॅक्युलाला सूज येते. दुसरी म्हणजे पडद्याच्या काही भागाला रक्त पुरेसे पोहोचत नाही, तो भाग व्हीईजीएफ नावाचे वाढीचे प्रथिन सोडतो आणि त्याच्या हाकेला नव्या रक्तवाहिन्या उगवतात. उसाच्या फडात घाईघाईने काढलेला, न चोपलेला पाट जसा जागोजागी फुटतो, तशा या नव्या वाहिन्या असतात. त्या रक्त पोहोचवण्यापेक्षा सांडण्याचेच काम अधिक करतात.

स्टिरॉइड प्रामुख्याने पहिल्या गोष्टीवर काम करते. ते दाह घडवून आणणारी रसायने कमी करते, वाहिन्यांच्या भिंतींची वीण पुन्हा घट्ट करण्यास मदत करते आणि काही प्रमाणात व्हीईजीएफची निर्मितीही दाबते. नव्या उगवलेल्या वाहिन्या मात्र केवळ त्याने सहसा सुकत नाहीत. त्यांच्यासाठी लेसर किंवा व्हीईजीएफला थेट अडवणारी औषधे लागतात. एवढा भेद मनात पक्का असला, तर डॉक्टर एका रुग्णाला हे इंजेक्शन आणि त्याच्या शेजारी बसलेल्याला दुसरे इंजेक्शन का देतात, याचे कोडे बरेचसे सुटते.

या कामासाठी सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे ट्रायमसिनोलोन. ते पाण्यात विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक द्रवात तरंगत असतात आणि म्हणून ते दुधट पांढरे दिसते. बाटली काही काळ उभी ठेवली की पांढरा थर तळाशी बसतो आणि वर जवळजवळ स्वच्छ पाणी राहते, त्यामुळे ती नीट हलवल्याशिवाय औषध सिरिंजमध्ये ओढत नाहीत, आणि ओढल्यावरही सिरिंज फार वेळ तशीच ठेवत नाहीत. न विरघळण्याचा हा गुणच येथे उपयोगी पडतो, कारण स्फटिक जिथे ठेवले तिथे साठून राहतात आणि त्यांतून औषध आठवड्यामागून आठवडे थोडे थोडे झिरपत राहते. नेहमीची मात्रा ४० मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटर असते; काही वेळा त्याहून कमी देतात. परिणाम साधारणपणे तीन महिने टिकतो.

हा साठा ठेवायचा कुठे? डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीवर, बाहेरच्या बाजूने, टेनॉनचे आवरण म्हणून ओळखले जाणारे एक पातळ वेष्टन असते. झाक-रने टेनॉन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८०६ मध्ये त्याचे वर्णन केले. हे वेष्टन आणि पांढरी भिंत यांच्या मधल्या जागेत, शक्य तितके मागे, म्हणजे मॅक्युलाच्या जवळ येईल अशा बेताने औषध सोडतात. तिथून ते भिंतीतून झिरपत पडद्यापर्यंत पोहोचते. सुई डोळ्याच्या गोळ्याच्या आत जातच नाही. त्यामुळे गोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याची जी भीती आतल्या इंजेक्शनात थोडी का होईना असते, ती येथे जवळजवळ नसते. चुकून सुई भिंतीत रुतण्याचा धोका फार क्वचित असला, तरी तो असतो, आणि म्हणूनच हे काम अनुभवी हातांचे आहे.

प्रत्यक्षात काय होते ते सांगते, कारण भीती बहुतेक वेळा न पाहिलेल्या गोष्टीची असते. रुग्णाला टेबलावर झोपवून डोळ्यात सुन्न करणारे थेंब घालतात, पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करतात आणि पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा एक लहानसा चिमटा लावतात. औषध खालच्या-बाहेरच्या कोपऱ्यातून द्यायचे असेल तर रुग्णाला वर आणि नाकाकडे पाहायला सांगतात, वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातून द्यायचे असेल तर खाली आणि नाकाकडे. सुई बुबुळाच्या समोरून येत नसल्यामुळे ती रुग्णाला सहसा दिसतही नाही. डॉक्टर सुई पुढे सरकवताना तिचे टोक हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवतात आणि त्याबरोबर डोळा हलत नाही ना, याकडे लक्ष ठेवतात. डोळा हलला, तर टोक भिंतीला अडकले आहे हे कळते. काही डॉक्टर सुईऐवजी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाला बारीकशी चीर देऊन बोथट, वाकडी नळी आत सरकवतात. औषध जाताना डोळ्यामागे दाब आल्यासारखे, जड दुखल्यासारखे वाटते आणि ते थोड्या वेळात ओसरते. पुढचे काही दिवस पापणी सुजलेली आणि डोळा लाल राहू शकतो. पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग दिसला तरी तो आपोआप जिरतो.

निपाणीकडच्या एका आजींनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग मला विचारले, “मग गे पोरी, नजर परत येतीया न्हवं?” या प्रश्नाला खोटा दिलासा देऊ नये, असे मला मनापासून वाटते. मी त्यांना सांगितले, “आजी, सूज उतरली तर दिसण्यात फरक पडेल, पण सुजेमुळे जो भाग आधीच मेला आहे, तो परत येत नाही, आणि शुगर अशीच राहिली तर सूज पुन्हा येईल.” त्यांनी मान हलवली आणि सुनेला सांगितले की उद्यापासून घरात गुळाचा चहा सगळ्यांनाच बंद. अशी निर्णय घेणारी माणसे भेटली की कामाचा शीण जातो.

आता हे इंजेक्शन आज नेमके कोणाला देतात? मॅक्युलाच्या मध्यभागी मधुमेहाची सूज असेल आणि नजर कमी झाली असेल, तर आजचा पहिला पर्याय व्हीईजीएफला अडवणारी, डोळ्याच्या आत द्यायची इंजेक्शने हाच आहे, आणि त्याबद्दल शंका नको. डोळ्याभोवतीच्या स्टिरॉइडचा परिणाम डोळ्याच्या आत दिलेल्या स्टिरॉइडपेक्षाही सहसा सौम्य असतो. सूज सौम्य आणि नजर चांगली असलेल्या मधुमेही रुग्णांत हे इंजेक्शन लेसरसह आणि लेसरशिवाय देऊन पाहणारा एक अमेरिकी अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात म्हणावा असा फायदा दिसला नाही. म्हणजे नजर चांगली असताना ‘असू दे, घेऊन टाकू’ म्हणून घेण्याचा हा उपचार नव्हे. पण नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे आणि म्हणून डॉक्टर व्हीईजीएफविरोधी औषध देण्यास कचरतात, किंवा ती औषधे वारंवार देऊनही सूज उतरत नाही, किंवा दर महिन्याला अथणीहून येणे आणि त्या औषधांचा खर्च पेलणे घराला शक्यच नाही, अशा वेळी ट्रायमसिनोलोनची बाटली हा हाताशी असलेला, स्वस्त आणि कामाचा मार्ग ठरतो. पडद्याला विस्तृत लेसर करण्यापूर्वी, लेसरमुळे मॅक्युलाची सूज वाढू नये म्हणूनही ते काही जणांना देतात.

माझ्या मते या इंजेक्शनाचे खरे महत्त्व आपल्याकडे एका वेगळ्याच आजारात दिसते आणि त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते. बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये तरुण पुरुषांच्या पडद्यात पुन्हा पुन्हा होणाऱ्या रक्तस्रावाचे वर्णन केले आणि तो आजार त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पाश्चात्त्य देशांत आज तो क्वचित दिसतो. भारतीय उपखंडात मात्र तो अजूनही बऱ्याच प्रमाणात आढळतो. रुग्ण बहुधा वीस ते चाळीस वयाचा, एरवी धडधाकट असलेला पुरुष असतो. पडद्याच्या कडेच्या शिरांना दाह होतो, त्यांच्याभोवती पांढरट आवरण दिसू लागते, काही शिरा बंद पडतात, त्यापलीकडचा पडदा रक्ताविना राहतो आणि सीमेवर त्या कच्च्या नव्या वाहिन्या उगवतात. एके दिवशी त्यांतली एखादी फुटते आणि डोळ्यासमोर अचानक काळे जाळे, धूर किंवा तरंगणारे ठिपके येतात. वेदना अजिबात होत नाही, आणि घात होतो तो इथेच.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारे तरुण आमच्याकडे येतात तेव्हा त्यांची समजूत अशी असते की भट्टीच्या उष्णतेने किंवा ठिणगीने हे झाले. ‘उष्णता झाली’ म्हणून काकडी ठेवणे, गुलाबपाणी घालणे असे उपाय आधीच झालेले असतात. या आजाराचा उष्णतेशी संबंध नाही. त्याचा संबंध क्षयाच्या जंतूंविषयी शरीराने दाखवलेल्या अतिरेकी प्रतिक्रियेशी जोडला जातो, आणि म्हणून डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि मांटूची, म्हणजे हाताच्या त्वचेत सुई देऊन करायची क्षयाची चाचणी करायला सांगतात. ‘डोळ्याला छातीचा फोटो कशाला’ म्हणून ती चाचणी टाळणारे लोक मी पाहिले आहेत. तिचे कारण समजून घ्यावे: शरीरात क्षयाचा किंवा दुसरा संसर्ग चालू असेल आणि आपण त्यावर उपचार न करता स्टिरॉइड दिले, तर तो संसर्ग भडकू शकतो.

ईल्सच्या आजारात दाहाचा टप्पा चालू असताना स्टिरॉइड हेच मुख्य औषध असते. ते गोळ्यांनी देता येते, पण गोळ्यांचे स्टिरॉइड साऱ्या शरीरात फिरते. आजार एकाच डोळ्यात जोरात असेल, तर त्या डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन औषध हवे तिथेच अधिक पोहोचवता येते. दाह शमला की रक्ताविना राहिलेल्या भागाला लेसर करतात, म्हणजे तो भाग नव्या वाहिन्यांना हाक मारणे थांबवतो. कुठल्या भागाला रक्त मिळत नाही हे कळावे म्हणून हाताच्या शिरेतून फ्लुरेसिन हे पिवळे रसायन देऊन पडद्याचे फोटो काढतात. ही पद्धत १९६१ पासून वापरात आहे. त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते आणि त्वचेलाही किंचित पिवळी छटा येते, म्हणून कावीळ झाल्याच्या भीतीने कोणी धावत येऊ नये.

स्टिरॉइडने नव्या वाहिन्याच रोखता येतील का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी फार गंभीरपणे घेतला होता. १९४८ मध्ये कॉर्टिसोन हे स्टिरॉइड प्रथम संधिवाताच्या रुग्णाला देण्यात आले आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळाले. १९७१ मध्ये अमेरिकी संशोधक ज्युडा फोकमन यांनी कर्करोगाच्या गाठींची वाढ नव्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते, म्हणून त्या वाहिन्याच रोखाव्यात, असा विचार मांडला, आणि १९८५ मध्ये त्यांच्या गटाने काही स्टिरॉइडांमध्ये वाहिन्या रोखण्याचा स्वतंत्र गुण असल्याचे दाखवले. त्या विचारातून अनेकॉर्टेव्ह ॲसिटेट हे औषध आले. स्टिरॉइडच्या रेणूत असा बदल केला होता की दाह कमी करण्याचा आणि डोळ्याचा दाब वाढवण्याचा गुण जावा, पण वाहिन्या रोखण्याचा राहावा. उतारवयातल्या मॅक्युलाच्या आजारासाठी १५ मिलिग्रॅमचा साठा दर सहा महिन्यांनी, वाकड्या बोथट नळीने, डोळ्याच्या गोळ्याला न भेदता मागच्या भिंतीवर ठेवायचा, अशी ती योजना होती. वर्षातून दोनच वेळा, आणि तेही आत सुई न जाता, उपचार होणार होता! आमच्याकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार केला, तर असे औषध यशस्वी व्हायला हवे होते असे आजही वाटते. पण त्या वेळच्या प्रकाश-औषध उपचारापेक्षा (फोटोडायनॅमिक थेरपी) ते कमी पडत नाही, हे चाचणीत सिद्ध होऊ शकले नाही. दरम्यान २००६ मध्ये याच आजारासाठी रॅनिबिझुमॅब या व्हीईजीएफला अडवणाऱ्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि गमावलेली नजर काही अंशी परत मिळण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. २००८ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीने या आजारासाठी अनेकॉर्टेव्हचे काम थांबवले.

ट्रायमसिनोलोनमध्ये दाब वाढवण्याचा गुण मात्र कायम आहे, आणि हा लेख लिहिण्यामागे माझे सर्वांत मोठे कारण तेच आहे. डोळ्यातला दाब सामान्यतः १० ते २१ (पाऱ्याचे मिलिमीटर) असतो. स्टिरॉइडमुळे डोळ्यातल्या पाण्याचा निचरा मंदावतो आणि काही जणांत हा दाब वाढतो. स्टिरॉइडच्या थेंबांवर १९६० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत सुमारे एक तृतीयांश लोकांत दाब मध्यम प्रमाणात आणि सुमारे ५ टक्के लोकांत फारच वाढल्याचे दिसले होते. ज्यांना आधीपासून काचबिंदू आहे, ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना तो आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा मोठा उणे नंबर आहे, त्यांना धोका अधिक. ही वाढ इंजेक्शनाच्या दुसऱ्या दिवशी होत नाही. ती काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी होते, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा सूज उतरलेली असते, वाचता येऊ लागलेले असते आणि ‘आता बरे झाले, कशाला जायचे’ असे घरी सगळ्यांना वाटू लागते. दाब वाढल्याचे रुग्णाला सहसा कळत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. नजर कडेने आत आत खाल्ली जाते आणि ती गेलेली नजर कोणत्याही औषधाने परत येत नाही.

उलट वेळेवर सापडला, तर हा दाब बहुतेकांत केवळ थेंबांनी आटोक्यात येतो आणि औषधाचा साठा संपला की पूर्ववत होतो. थेंबांनी भागले नाही आणि पांढरा साठा पुढच्या बाजूला दिसत असेल, तर तो काढूनही टाकता येतो. दाब मोजायला काही मिनिटे पुरतात. पहिली तपासणी सहसा दोन ते चार आठवड्यांत आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील त्या अंतराने, किमान तीन महिने व्हायला हवी. सुगी असो, कारखान्याचा हंगाम असो, घरात लग्न असो, त्या तारखा चुकवू नका, एवढी कळकळीची विनंती मी प्रत्येकाला करते.

मोतीबिंदू वाढणे हा दुसरा परिणाम असून तो पुन्हा पुन्हा इंजेक्शने घेणाऱ्यांत अधिक दिसतो. वरच्या बाजूने इंजेक्शन दिल्यास काहींची पापणी काही काळ खाली येते. मधुमेही रुग्णांची साखर इंजेक्शनानंतर काही दिवस वाढू शकते, म्हणून त्या आठवड्यात ती घरी किंवा गावातल्या दवाखान्यात तपासावी आणि वाढल्यास आपल्या फिजिशियनला कळवावे; स्वतःच्या मनाने इन्सुलिन कमीजास्त करू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती इंजेक्शनाआधी सांगावी, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नये. डोळा दिवसेंदिवस अधिक लाल होणे, खूप दुखणे, उजेड सहन न होणे, घाण येणे किंवा नजर एकदम कमी होणे यांपैकी काहीही झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यावे.

शेवटची गोष्ट खास आपल्या सीमाभागातल्या लोकांसाठी. आपल्याकडे उपचार एकाच गावात पूर्ण होत नाहीत. रायबाग, कुडची, उगारची माणसे रेल्वेने मिरजेला जातात, निपाणीची कोल्हापूरला, खानापूरची बेळगावला, आणि पाहुण्याने सांगितले की हुबळीलाही. एका ठिकाणी इंजेक्शन, दुसऱ्या ठिकाणी चष्मा, तिसऱ्या ठिकाणी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असे होणे अगदी नेहमीचे आहे. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत असते, आणि ज्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाले, त्या वडीलधाऱ्यांना त्यातले वाचता येत नाही; सही करण्यापूर्वी ते मराठीत समजावून सांगा, असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि त्यात संकोच नको. इंजेक्शन झाल्यावर औषधाचे नाव, मात्रा, कोणता डोळा आणि तारीख एवढे एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद ओसीटीच्या (पडद्याच्या स्कॅनच्या) प्रतींबरोबर एकाच पिशवीत ठेवा. दोन महिन्यांनी मिरजेत एखाद्या डॉक्टरांना तुमचा दाब ३० आढळला, तर हा मुळातला काचबिंदू आहे की ट्रायमसिनोलोनचा परिणाम, हे ठरवताना त्यांना त्या कागदाचा फार उपयोग होईल. एकात आयुष्यभर थेंब घालावे लागतात, तर दुसऱ्यात बहुधा काही महिनेच. कागद नसेल, तर निदान ‘डोळ्याच्या बाहेरून स्टिरॉइडचे इंजेक्शन अमुक महिन्यात घेतले होते’ एवढे वाक्य विचारण्याआधीच सांगा.